घरची टांकसाळ आणि वणीचा कोळसा

नाणें पाडण्याचा अधिकार राजाचा, ही समजूत आपल्या मनांत इतकी रुजली आहे कीं, अमुक गृहस्थ आपल्या माजघरांत नाणें पाडतो असें कोणी म्हटलें तर ऐकणारास प्रथम पोलिसांची आठवण होईल. परंतु गेल्या दहा-पंधरा वर्षांत हा प्रकार जगांत उघडपणें चालला असून आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतील सुशिक्षित घरांतूनहि त्याची चर्चा ऐकूं येऊं लागली आहे. पुण्यास किंवा नागपुरास शिकावयास गेलेला मुलगा सुटींत घरीं येतो आणि वडिलांस सांगतो कीं, एक यंत्र आणून खोलींत ठेवावें; तें रात्रंदिवस गणितें करीत राहील आणि त्याच्या मोबदल्यांत बिटकॉईन नांवाचें नाणें आपल्या खात्यांत जमा होत जाईल. वडील विचारतात, "आणि विजेचें बिल, बाळ?" ह्या प्रश्नाचें नीटसें उत्तर मुलाजवळ सहसा नसतें. प्रस्तुत लेखांत आम्ही ह्याच प्रश्नाचा विचार करणार आहों. मात्र तो एकदम आजच्या बाजारभावापासून न करतां थोडा मागून, आपल्याच मुलखांतील टांकसाळींच्या हकीगतीपासून करूं. घरीं नाणें पाडणें परवडतें कीं नाहीं, हा प्रश्न आपल्याकडे वाटतो तितका नवा नाहीं.

शिवछत्रपतींनीं १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळीं सोन्याचा होन व तांब्याची शिवराई पाडिली, हें शाळेंतल्या मुलासहि ठाऊक असतें. परंतु पुढें पेशवाईंत टांकसाळ म्हणजे सरकारी कारखानाच, असा नियम राहिला नाहीं. सरकार परवाना देई, त्याबद्दल ठराविक रक्कम घेई, आणि नाणें पाडण्याचें काम सोनार किंवा सावकार आपल्या जागेंत, आपल्या माणसांकडून करून घेई. नागोठण्याचे बाळाजी बापूजी व रेवदंड्याचे बहिरो राम दातार ह्यांस १७४४ च्या सुमारास तांब्याचे पैसे पाडण्याचे परवाने मिळाले होते. न्यायमूर्ति रानडे ह्यांनीं मराठ्यांच्या चलनावर जो निबंध लिहिला, त्यांत अशा परवान्यांची हकीगत वाचावयास मिळते.

ह्या घरगुती टांकसाळींतील कृति अगदीं साधी होती. धातु मुशींत वितळवावयाची, तिचे तोलून तुकडे पाडावयाचे, आणि एकेक तुकडा दोन ठशांमध्यें धरून वरून घणाचा घाव घालावयाचा. खर्चाच्या बाबी म्हणजे धातु, मजुरी, कोळसा आणि परवान्याची रक्कम. धातु नाण्यांतच राहते, म्हणून ती खर्चांत धरावयाची नाहीं; नाण्याची दर्शनी किंमत आणि धातूची किंमत ह्यांच्यामध्यें जो बारीकसा फरक उरे, त्यांतूनच बाकी सगळें भागवावयाचें. हा फरक पुरला नाहीं कीं टांकसाळवाल्यापुढें दोनच वाटा राहात: भट्टी विझविणें किंवा धातूंत भेसळ करणें. दुसरी वाट किती जणांनीं धरली असेल ह्याचा अंदाज, खोटें नाणें पाडतात म्हणून खाजगी टांकसाळी बंद करण्याचे जे हुकूम पेशव्यांस वेळोवेळीं काढावे लागले, त्यांवरून येतो. लबाडी ही त्या सोनारांची जन्मजात खोड होती असें आम्हांस वाटत नाहीं; हिशेब बसत नसे, हेंच तिचें मूळ.

आतां आपल्या वऱ्हाडाकडे वळूं. १८०३ च्या देवगांवच्या तहानें वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांकडून गेला तो निजामाच्या वांट्यास आला, आणि निजामाच्या राज्यांत टांकसाळींचें पीक पेशवाईपेक्षांहि उदंड होतें. त्यांतली एक हकीगत वऱ्हाडी वाचकानें मुद्दाम लक्षांत ठेवण्याजोगी आहे. विकाजी मेहेरजी व पेस्तनजी मेहेरजी ह्या पारशी बंधूंच्या पेढीनें १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस मुंबईस नेण्याचा व्यापार सुरू केला. वाटेंत रेल्वे तर नाहींच, धड सडकहि नाहीं; सगळा माल बैलांच्या पाठीवरून जाई. पुढें ह्या पेढीनें खामगांवाकडे कापूस दाबण्याचे स्क्रू बसविले, निजामसरकारास कर्जें दिलीं, कर्जाच्या फेडीसाठीं वऱ्हाडांतील परगण्यांचा वसूल आपल्या हातीं घेतला, आणि औरंगाबादेच्या टांकसाळींत आपल्या नांवानें ओळखला जाणारा रुपयाहि पाडला. तोच पेस्तनशाही रुपया. जुन्या नाण्यांचा नाद असलेल्या गृहस्थांच्या संग्रहांत तो आजहि दृष्टीस पडतो.

ह्या पेढीस टांकसाळ का परवडली, हें नीट पाहिलें पाहिजे. तिचा कोळसा कांहीं इतरांपेक्षां स्वस्त नव्हता आणि तिच्या कारागिराचा हात कांहीं दुपटीनें चालत नव्हता. शेतकरी सारा देई तो तिच्याकडे, कापसाचे पैसे घेई ते तिच्याकडून, आणि खुद्द सरकार तिचें ऋणको. तिनें पाडलेला रुपया फिरून फिरून तिच्याच गल्ल्यांत यावयाचा, मग तो नाकारणार कोण? टांकसाळ हें त्या पेढीच्या झाडास आलेलें फळ होतें. तें झाड नव्हतें. पुढें निजामसरकारनें परगणे काढून घेतले तेव्हां पेढीचे दिवस फिरले आणि पेस्तनशाहीहि मागें पडली. १८५३ त वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत गेला, आणि त्याच वर्षीं दिवाणगिरीवर आलेल्या सालारजंगांनीं निजामाच्या राज्यांतील ठिकठिकाणच्या टांकसाळी मोडून हैदराबादेस एकच टांकसाळ ठेवण्याचें धोरण धरलें. इकडे कंपनीसरकारनें तर १८३५ च्या कायद्यानेंच १८० ग्रेन वजनाचा एकछापी रुपया चालू केला होता.

तरीहि "नाणें पाडून घेण्याचा" खाजगी माणसाचा हक्क आणखी पुष्कळ वर्षें राहिला, हें फारसें कोणाच्या लक्षांत नसतें. १८९३ पर्यंत कोणीहि चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळींत जावें, ठरलेला आकार भरावा आणि तितके रुपये पाडून न्यावे, अशी मोकळीक होती. १८७० नंतर अमेरिकेच्या खाणींतून चांदीचा पूर लोटला आणि जर्मनीसारख्या देशांनीं चांदीचें चलन सोडून सोन्याचें धरलें. चांदी उतरली, आणि तिच्याबरोबर दोन शिलिंगांच्या घरांतला रुपया सवा शिलिंगाकडे घसरला. अखेर जून १८९३ मध्यें सरकारनें टांकसाळींचीं दारें लोकांस बंद केलीं. नाणें करणें ज्याला त्याला मोकळें असलें कीं पाडणारे वाढतात आणि नाणें स्वस्त होतें, हा त्या प्रकरणाचा धडा होता.

सातोशी नाकामोतो ह्या टोपणनांवाखालीं वावरणाऱ्या कोणा अज्ञात पुरुषानें (किंवा मंडळीनें) बिटकॉईनची रचना केली, तींत ह्या धड्याचें उत्तर मोठ्या खुबीनें घातलेलें आहे. ३ जानेवारी २००९ रोजीं सुरू झालेली ही एक सर्वांची मिळून जमाखर्चाची वही आहे असें समजावें. दर दहा मिनिटांच्या सुमारास तिचें एक पान पुरें होतें. त्या पानावर मोहोर कोणी करावयाची, हें एका कोड्यावर ठरतें. कोडें सोडविण्यास बुद्धि लागत नाहीं. आंकडे मागून आंकडे लावून पाहावे, ज्याचा आधीं जुळेल तो जिंकला. जिंकणारास नवीं नाणीं मिळतात, म्हणून ह्या खटाटोपास खाणकाम असें नांव पडलें. आरंभीं एका पानास ५० नाणीं मिळत. २०१२, २०१६, २०२० व २०२४ ह्या सालीं तें बक्षीस निम्मेनिम्मे होत आतां ३.१२५ वर आलें आहे. एकंदर नाणीं २ कोटि १० लक्षांच्या वर कधींच जावयाचीं नाहींत. आणि मुख्य मेख पुढेंच आहे: दर २०१६ पानांनंतर, म्हणजे पंधरवड्याच्या सुमारास, कोड्याची अवघडाई पुन्हां ठरते. खाणवाले वाढले कीं कोडें अवघड होतें, घटले कीं सोपें होतें. चांदीच्या खाणींवर गर्दी झाली तेव्हां रुपया स्वस्त झाला. येथें गर्दी झाली तर नाणीं वाढत नाहींत, प्रत्येकाचा वांटा तेवढा बारीक होतो आणि मेहनत महाग होते. ही मेहनत म्हणजे वीज. पेशवाईंतल्या सोनाराच्या भट्टीचा कोळसा आतां तारेंतून येतो, एवढाच काय तो भेद.

पहिलीं एक-दोन वर्षें साध्या घरगुती संगणकावर हें काम होई आणि विजेचा खर्च कोणाच्या ध्यानांतहि येत नसे. मिळालेल्या नाण्यांसहि तेव्हां किंमत नव्हती. २२ मे २०१० रोजीं अमेरिकेंतील एका गृहस्थानें दोन पिझ्झ्यांसाठीं दहा हजार बिटकॉईन मोजले, ही गोष्ट आतां दंतकथेसारखी सांगतात. लवकरच लोकांनीं खेळांच्या चित्रांसाठीं असलेलीं ग्राफिक्स कार्डें ह्या कामास जुंपलीं, आणि २०१३ पासून ह्या एकाच कामासाठीं घडविलेलीं यंत्रें बाजारांत आलीं. तेथून पुढें साध्या संगणकाचें काम संपलें. ईथर नांवाचें दुसरें नाणें कार्डांवर मिळविणाऱ्यांची पुष्कळ घरें होतीं. परंतु सप्टेंबर २०२२ मध्यें त्या नाण्याच्या चालकांनीं कोड्यांची पद्धतच मोडीत काढली, आणि कार्डें घरोघर रिकामीं पडलीं.

आतां प्रत्यक्ष हिशेब. बिटमेन ह्या चिनी कंपनीचें एस २१ हें यंत्र सेकंदास २०० लक्ष कोटि आंकडे लावून पाहतें आणि साडेतीन किलोवॅट वीज घेतें. म्हणजे दिवसास ८४ युनिटें आणि तीस दिवसांच्या महिन्यास २,५२० युनिटें. २०२४ च्या पावसाळ्यांत साऱ्या जगांतील यंत्रांची मिळून शक्ति ह्या एका यंत्राच्या सुमारें ३० लक्षपट होती. त्या वेळीं नाण्याचा भाव ६० हजार डॉलरांच्या आसपास होता, आणि दिवसास जगभर मिळून ४५० नवीं नाणीं निघत, म्हणजे २ कोटि ७० लक्ष डॉलरांचीं. त्यांचा तीस लक्षावा हिस्सा ९ डॉलर. डॉलरास ८४ रुपये धरले तर दिवसास ७५६ रुपये, महिन्यास २२,६८० रुपये. येथपर्यंत मुलाचें म्हणणें खोटें नाहीं.

आतां वडिलांचा प्रश्न. १ एप्रिल २०२४ पासूनच्या दरपत्रकाप्रमाणें महावितरणच्या घरगुती ग्राहकास पहिल्या १०० युनिटांस ४ रुपये ७१ पैसे, पुढील २०० स १० रुपये २९ पैसे, त्यापुढील २०० स १४ रुपये ५५ पैसे आणि ५०० च्या वर प्रत्येक युनिटास १६ रुपये ६४ पैसे असा दर होता; शिवाय युनिटामागें १ रुपया १७ पैसे वहनाचे. बेरीज केली तर एकट्या यंत्राचें बिल ४२,००० रुपये होतें, आणि त्यावर शेंकडा १६ वीजशुल्क चढून ४८,७०० च्या वर जातें. घरांतले दिवे, पंखे व फ्रीज अजून मोजलेले नाहींत. स्वस्तांतल्या पहिल्या शंभर युनिटांवर हें यंत्र जेमतेम अठ्ठावीस तास चालेल. महिन्यास साडेबावीस हजार मिळविण्यासाठीं पावणेएकोणपन्नास हजार जाळावयाचे! युनिट ९ रुपयांस पडेल तेव्हां कोठें जमाखर्च समान होईल, आणि त्यांतहि यंत्राची कांहीं लक्षांची किंमत निराळी.

करांची बाब तर ह्याहून वाईट आहे. १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या विक्रींतील प्राप्तीवर शेंकडा ३० कर आहे, आणि खरेदीच्या किमतीखेरीज कोणताहि खर्च वजा मिळत नाहीं. खाणकामाच्या यंत्रसामग्रीचा खर्च ही खरेदीची किंमत धरतां यावयाची नाहीं, असें अर्थखात्यानें त्याच वर्षीं लोकसभेंत स्पष्ट केलें. म्हणजे घरांत तोटा असतांहि सरकारदरबारीं तो नफाच दिसतो. पेशव्यांचा कमाविसदार परवान्याची रक्कम घेई, पण तोट्यावर कर बसविण्याची कल्पना त्यासहि सुचली नसावी.

कोणी म्हणेल, भाव चढला म्हणजे भरपाई होईल. तर तेंहि पाहूं. ऑक्टोबर २०२५ च्या आरंभीं भाव दुपटीनें चढून १ लक्ष २० हजार डॉलरांवर गेला होता. परंतु तोंपर्यंत जगांतील यंत्रांची शक्तीहि वाढून आपल्या यंत्राच्या सुमारें ५० लक्षपट झाली. दिवसाची मिळकत ९ डॉलरांवरून पावणेअकरा डॉलरांवर गेली, इतकेंच. भाव दुप्पट, मिळकत पांचवा हिस्सा अधिक. महाग वीज जाळून नाणीं काढण्यापेक्षां तितक्याच पैशांचीं नाणीं सरळ बाजारांतून घेतलीं असतीं तर तीं दुपटीनें अधिक आलीं असतीं; तीं घ्यावीं असा आमचा सल्ला आहे असें मात्र कोणी समजूं नये.

यवतमाळकरास ह्यांत एक गोष्ट विशेष खटकावी. हा जिल्हा कोळशाचा आहे. १९०५ पर्यंत त्याचें नांवच वणी जिल्हा होतें, आणि वणीच्या आसपासची भूमि म्हणजे वर्धा खोऱ्यांतील कोळशाचें पोट. नदीपलीकडे वरोऱ्यास १८७१ सालींच खाण सुरू झाली होती. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर अलीकडच्या खाणी वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आल्या. उकणी, घोन्सा, कोलारपिंपरी, जुनाड हीं नांवें ट्रकांच्या धुळींतून जाणाऱ्या प्रत्येकास परिचित आहेत. शेजारीं चंद्रपुरास २,९२० मेगॅवॉटचें वीजकेंद्र उभें आहे. गावें उठलीं, विहिरींचें पाणी खालीं गेलें, काळी कसदार जमीन खाणींत गेली, आणि विजेचा दर मात्र वणीस तोच जो कोकणांतल्या सावंतवाडीस. धरण उशाशीं आणि कोरड घशाशीं, ही म्हण पाण्यापुरतीच नाहीं. महावितरणच्या साऱ्या मुलखास दर एकच, आणि शेतीपंपांस वीज स्वस्त देण्याचा भार मोठ्या वापराच्या ग्राहकांवर व कारखान्यांवर टाकलेला. म्हणून जो अधिक जाळील त्यास प्रत्येक पुढचें युनिट अधिक महाग. गरीब घरांच्या दृष्टीनें ही पायऱ्यांची रचना आम्हांस अन्यायाची वाटत नाहीं. पण घरांत टांकसाळ घालूं पाहणारा नेमका सर्वांत वरच्या पायरीवर जाऊन बसतो, हें त्यानें ओळखलें पाहिजे.

ह्यावर एक पळवाट कानावर येते. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस राज्यसरकार वीज फुकट देतें, तेव्हां यंत्र मळ्यांतल्या खोलींत ठेवावें! ज्या कामासाठीं जोडणी दिली त्याखेरीज दुसऱ्या कामास ती वापरणें २००३ च्या वीज कायद्याखालीं अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची दंडात्मक आकारणी भारी असते. पंपाची वीज दिवसास आठ-दहा तासच येते, हें निराळेंच. शिवाय ज्या जिल्ह्याचें नांव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें देशभर झालें, तेथील कपाशीस पाणी मिळावें म्हणून दिलेली वीज कोडीं सोडविण्यास लावावी, हें आम्हांस तरी बघवणार नाहीं.

मग हा धंदा जगांत चालतो तरी कोणाचा? २०२१ पर्यंत त्याचा मोठा भाग चीनमध्यें होता. तेथले खाणवाले पावसाळ्यांत सिचुआनच्या डोंगरांत, धरणें भरून वाहूं लागलीं म्हणजे यंत्रें घेऊन जात आणि हिवाळ्यांत शिनजियांगच्या कोळशाकडे परत येत. आपल्याकडे पूर्वीं लमाणांचे तांडे धान्य-मिठाच्या भावामागें हिंडत, तसेंच हें. चीननें बंदी घातली तेव्हां तांडे टेक्ससकडे व कझाकस्तानाकडे वळले. भूतानांत खुद्द सरकारची कंपनी जलविजेवर हें काम करते. आपल्या देशांत ह्याचा जुना दाखला कोलारचा: तेथील सोन्याच्या खाणींस वीज पुरविण्यासाठींच १९०२ सालीं शिवसमुद्रम येथें कावेरीवर वीजकेंद्र उभें राहिलें, आणि शंभर वर्षांनीं, खर्च सोन्याच्या भावाबाहेर गेल्यावर, २००१ त त्या खाणी बंद झाल्या. खाण स्वस्त शक्तीच्या दाराशीं जाते; शक्ति खाणीच्या दाराशीं महाग दरानें आणून भागत नाहीं.

घरीं परवडत नाहीं हें कळलें कीं तिसरेच लोक पुढें होतात. "यंत्र आमचें, परदेशीं ठेवलेलें, तुम्ही नुसता पैसा घाला." गेनबिटकॉईन नांवाच्या योजनेंत २०१५ पासून महिन्यास शेंकडा १० प्रमाणें दीड वर्ष परतावा देण्याचें आमिष होतें. २०१८ त पुण्यास व आमच्या शेजारच्या नांदेडास फिर्यादी झाल्या, सूत्रधार म्हणून ज्यांचें नांव आलें त्यांस अटक झाली, खटल्याचा निकाल लागण्यापूर्वींच त्यांपैकीं मुख्य आरोपी २०२२ त वारले, आणि तपास पुढें केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. त्यांत अडकलेलीं कुटुंबें बहुतेक नोकरदार मध्यमवर्गीय. शेंकडा दहा ह्या आंकड्यासच त्यांनीं घाबरावयास हवें होतें, कारण तितका नफा तर फुकट विजेवाल्यासहि होत नाहीं.

राहतां राहिला सूर्य. तो आमच्याकडे भरपूर आहे, आणि २०२४ पासून केंद्रसरकार तीन किलोवॅटच्या छपरावरील पत्र्यांस ७८ हजारांपर्यंत साहाय्य देतें. परंतु तीन किलोवॅटचे पत्रे दिवसास बारा युनिटांच्या आसपास वीज देतात आणि यंत्र मागतें ८४. म्हणजे सात घरांचीं छपरें एका यंत्रास लागतील, आणि साहाय्य तर तीन किलोवॅटांपुढें वाढत नाहीं. त्या बारा युनिटांत घरांतले दिवे-पंखे चालले तर वरच्या पायरीचें महाग युनिट वांचतें, तो नफा कोणत्याहि नाण्यापेक्षां खात्रीचा.

फिनलंडसारख्या थंड देशांत अशा यंत्रांची ऊब नळांवाटे नेऊन घरें तापवितात, आणि विजेच्या बिलाचा कांहीं भाग तसा वसूल होतो. साडेतीन किलोवॅटची ही शेगडी यवतमाळच्या घरांत मे महिन्यांत, बाहेर पारा ४५ अंशांस टेकला असतां, अहोरात्र पेटती राहावयाची. तिला थंड ठेवण्यास कूलर पाहिजे, कूलरला आणखी वीज पाहिजे आणि पाणीहि पाहिजे. आणि २०१८ च्या उन्हाळ्यांत निळोणा व चापडोह आटल्यावर ह्या शहरांत पिण्याच्या पाण्यासाठीं टँकरांमागें कशा रांगा लागल्या होत्या, तें येथल्या गृहिणींस विचारावें.